गोळीचं वेळापत्रक

मास्तरकीची पस्तीस वर्षं मी दर जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक बनवत आलो. गणित पहिल्या तासाला, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. जेवणाच्या सुट्टीनंतर चित्रकला, कारण पोट भरल्यावर कुणालाही अपूर्णांक समजत नाहीत (शिकवणाऱ्यालासुद्धा!). कागदावर सगळं कसं झकास दिसायचं. पण मार्च उजाडला की जंगलाकाठच्या गावांतली अर्धी मुलं पहिल्या तासाला गायब. का? तर पहाटे मोहफुलं गळतात आणि ती उन्हं वर यायच्या आत वेचावी लागतात. वेळापत्रक चांगलं होतं, पण ते मुलांच्या दिवसात बसत नव्हतं.

हे आठवायचं कारण म्हणजे गेलं वर्षभर मी एका वेगळ्याच वेळापत्रकाचा अभ्यास करतो आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे १-०-१ असे आकडे असतात ना, त्याचा. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. इतकी साधी वाटणारी ही तीन आकड्यांची ओळ एखाद्या माणसाच्या बरं होण्याच्या आड कशी येऊ शकते, आणि थोडी बदलली की कशी मदतही करते, हे मी घरात पाहिलं. आज त्याबद्दल लिहितो. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेला मराठीचा मास्तर आहे. तेव्हा यातलं वाचून कुणी आपल्या गोळ्या कमी-जास्त करू नयेत, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आहे. तिला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "लिही बापा, लोकं तसंही बोलूनच राहिले!"

तिचं सासर आरमोरीच्या पुढे, आत, एका लहान गावात. तिचं लग्न झालं तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता, तो १९८२ साली झाला. मी इकडे मूलला. म्हणजे मधे वैनगंगा. तीन वर्षांपूर्वी आमचे जावई गेले. पहिलं वर्ष ती ठीक होती, निदान तसं वाटलं. मग एका दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, ती हळूहळू विझत गेली. जेवण सुटलं. पहाटे तीनलाच जाग यायची आणि मग ती अंधारात बसून राहायची. अंगणात सडा नाही, ढोरांकडे लक्ष नाही, नातवाशी बोलणं नाही. "करमत नाही" असंही म्हणायची नाही. काहीच म्हणायची नाही. गावातल्यांनी बाहेरचं लागलं म्हणून सांगितलं. पुजाऱ्याकडे नेऊन झालं. एकदा मात्र सुनेला म्हणाली, "आता पुरे झालं माझं." हे ऐकून माझा भाचा घाबरला आणि त्यानं मला फोन केला. आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

निदान बरोबर झालं. नैराश्य. डॉक्टर वाईट नव्हते, पण बाहेर रांग एवढी की एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटंही येईनात. चिठ्ठी हातात पडली ती अशी: एक गोळी १-०-१, दुसरी ०-०-१, शक्तीची आणि आम्लपित्ताची मिळून आणखी दोन, त्यातली एक १-१-१. सगळ्यांपुढे "जेवणानंतर". औषध दहा दिवसांचं. मानसिक आजारांची ओपीडी आठवड्यातून एकच दिवस.

आता हे वेळापत्रक तिच्या घरात ठेवून पाहा. जेवणानंतर गोळी. पण न जेवणं हाच तर आजार! ती जेवली नाही की गोळीही घ्यायची नाही. "उपाशीपोटी घेऊ नका म्हणाले ना डॉक्टर?" तिच्या हिशेबानं ती डॉक्टरांचं ऐकतच होती. एकादशीला नाही, नवरात्रात नाही. झोपताना एक. पण झोपायचं केव्हा? जिला झोपच लागत नाही तिला झोपण्याची वेळ कुठून असणार? त्यातून रात्रीच्या गोळीनं सकाळी अंग जड पडायचं, तोंड कोरडं पडायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी रोवण्याला किंवा पाहुण्यांकडे जायचं असलं की आदल्या रात्री गोळीला सुट्टी. दुपारची गोळी तर कधी आठवलीच नाही, कारण दुपारी घरात कुणी नसतं. आणि दहा दिवसांनी पुन्हा एसटी, पुन्हा रांग, सोबत एका माणसाची मजुरी बुडणार. एक वार चुकला की पुढचे सात दिवस गोळ्यांशिवाय.

पाच महिने असं चाललं. गोळ्या सुरू होत्या असंही म्हणता येईना, बंद होत्या असंही म्हणता येईना. लोक म्हणाले, "पाहा, औषधानं काही झालं नाही."

मला यातून एक गोष्ट दिसली आणि ती मला महत्त्वाची वाटते. रक्तदाबाच्या माणसाचा दिवस शाबूत असतो; तो उठतो, जेवतो, झोपतो, आणि त्या खुंट्यांना गोळ्या अडकवता येतात. नैराश्य आधी त्या खुंट्याच उपटतं. भूक, झोप, उठण्याची वेळ, सगळं. आणि आपण मात्र गोळी नेमकी त्याच खुंट्यांना अडकवायला सांगतो.

मग मी वाचायला बसलो. (निवृत्त मास्तराला दुसरं काय काम असतं?) डॉक्टरांना विचारलं, भाच्याच्या मुलीकडून इंटरनेटवरचं काढून घेतलं, दोन-दोनदा तपासलं. नैराश्यावरचं पहिल्या पिढीतलं नामांकित औषध इमिप्रामिन. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी १९५७ साली त्याचा गुण जगापुढे मांडला. त्या कुळातल्या गोळ्या सुरुवातीला दिवसातून तीनदा देत. पुढे १९७० च्या दशकात अनुभव आणि अभ्यास सांगू लागले की सगळी मात्रा रात्री एकदाच दिली तरी बहुतेकांना गुण तेवढाच येतो. कारण ही औषधं शरीरातून लवकर जातच नाहीत.

हे गणित मला फार आवडलं, कारण ते सातवीच्या मुलालाही सांगता येतं. समजा, एखाद्या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला एक दिवस लागतो. सर्ट्रालिन या गोळीचं साधारण असंच आहे. पहिल्या दिवशी एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी तिची अर्धी उरली आणि नवी एक आली, झाली दीड. तिसऱ्या दिवशी दिडाची निम्मी पाऊण, अधिक एक, म्हणजे पावणेदोन. असं करत करत आकडा दोनाच्या जवळ जातो, पण दोनाच्या पुढे जात नाही. आठवडाभरात रांजण भरतो आणि मग रोज जेवढं पाणी झिरपतं तेवढंच आपण ओततो. अशा औषधाला दिवसातून तीनदा घेण्याची गरजच नसते.

१९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं फ्लुओक्सेटिन तर याहून चिवट. नियमित घेणाऱ्याच्या शरीरातून त्याचा निम्मा भाग जायला चार ते सहा दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात जे दुसरं द्रव्य तयार होतं ते आणखी जास्त टिकतं. त्याचा रांजण भरायलाही चार-पाच आठवडे लागतात. याच गुणामुळे २००१ साली अमेरिकेत त्याची आठवड्यातून एकदा घ्यायची कॅप्सूलही आली, ज्यांचा आजार आटोक्यात आला आहे त्यांच्यासाठी. उलट व्हेनलाफॅक्सिनसारखं औषध काही तासांतच उतरतं. त्याची साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागते, म्हणून मग हळूहळू विरघळणारी, एकदाच घ्यायची गोळी काढली.

म्हणजे सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. कुणाला एखादा दिवस चुकलेला चालतो, कुणाला चालत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, बऱ्या झालेल्या रुग्णांची गोळी पाच ते आठ दिवस त्यांच्या नकळत थांबवून पाहिली (खरी गोळी काढून तशीच दिसणारी खोटी दिली). पॅरोक्सेटिनवाल्यांना चक्कर, मळमळ, चिडचिड, वाईट स्वप्नं असा बराच त्रास झाला. फ्लुओक्सेटिनवाल्यांना जवळपास काही नाही. पाच ते आठ दिवस! आमच्याकडे एक ओपीडी चुकली की नेमकी एवढीच खंड पडते.

आणि किती वेळा घ्यायची याचाही हिशेब कुणीतरी मांडून ठेवला आहे. डबीच्या झाकणात यंत्र बसवून, डबी केव्हा उघडली ते मोजणाऱ्या अनेक अभ्यासांचा आढावा २००१ साली आला. त्यात सगळ्या प्रकारच्या आजारांची औषधं होती. दिवसातून एकदा औषध असेल तर सरासरी शंभरातल्या ७९ मात्रा घेतल्या जात, तीनदा असेल तर ६५, चारदा असेल तर ५१. मनाचा आजार नसलेल्यांचीही ही गत, तर जिला उठून पाण्याचा गडू घ्यायचीही इच्छा नाही तिचं काय!

असो. गेल्या पावसाळ्यात आम्ही दुसऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी लिहायच्या आधी एक प्रश्न विचारला, जो मला अजून आठवतो. "माय, तुमच्या घरी रोज न चुकता काय होते?"

बहीण गप्प. सून म्हणाली, "ढोरं सुटतात जी." सकाळी गुराखी हाक मारत येतो आणि दावी सोडावी लागतात. एकादशी असो, सुतक असो, पाऊस असो, कुणाला झोप लागो न लागो, ढोरं सुटतातच. डॉक्टर म्हणाले, "मग ढोरं सुटली की एक गोळी. जेवल्या असाल तरी घ्यायची, नसाल तरी घ्यायची."

रात्रीची गोळी त्यांनी एकदम तोडली नाही, काही आठवड्यांत उतरवत नेली. शक्तीची वगैरे बंद. उरली सकाळची एकच, फ्लुओक्सेटिनची. ती सकाळी का, तर काहींची झोप तिनं उडते. आणि एक दिवस चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, आपली एकच घ्यायची, हेही बजावलं. गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या यावर मात्र त्यांनी बराच विचार केला. तो मला आधी समजला नव्हता. जुन्या कुळातल्या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर हृदयाला धोका असतो. जिच्या तोंडून "पुरे झालं" निघालं आहे तिच्या हाती महिन्याभराचा साठा द्यायचा का? दहा दिवसांच्या औषधामागे असंही एक कारण असू शकतं. ही नवी गोळी त्या मानानं कमी धोक्याची. तरीही त्यांनी अट घातली, की पाकीट सुनेच्या कुलपात राहील आणि ती रोज एकच काढून देईल. त्या अटीवर महिन्याचं औषध मिळालं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटला, अशा बातम्या आपण पावसाळ्यात वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. आमचा नाला तेवढा मोठा नाही, पण एसटी बंद करायला पुरतो. महिन्याचं औषध म्हणजे तेवढी निश्चिंती.

मग सुरू झालं खरं वेळापत्रक. ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात फक्त मळमळ. दुसऱ्या आठवड्यात काही नाही. "याच्यानं काही होऊन नाही राहिलं दादा," ती फोनवर म्हणाली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्रास आधी येतो आणि गुण मागून, दोन ते चार आठवड्यांनी, कधी जास्तही. हे माहीत नसेल तर माणूस नेमका मधल्या पंधरवड्यात गोळी सोडतो. आम्ही कॅलेंडरवर रोज फुली मारायला नातवाला बसवलं. पाचव्या आठवड्यात सुनेचा फोन आला. "मामाजी, आज आत्यानं स्वतःच ढोरं सोडली." एवढंच. माझ्या दृष्टीनं त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी.

दिवाळीनंतर गावची मंडई झाली. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे रात्रभर नाटक, हे नवीन वाचकांना सांगायला हवं. बहीण नाटकाला गेली. पहाटेपर्यंत बसली, शेवटच्या प्रवेशाला रडली, आणि घरी येऊन ढोरं सुटताना गोळी घेतली. रात्रीची गोळी असती तर त्या दिवशी नाटक आणि गोळी यातलं एक नक्की बुडालं असतं.

गुण सगळा गोळीचाच, असं मी म्हणत नाही. सुनेनं केलं ते कुठल्या चिठ्ठीवर लिहिता येणार? पण आपल्याच माणसांवर झालेले अभ्यास आहेत, ते पाहावेत. गोव्यात जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या साडेचारशे रुग्णांवरचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. दोन महिन्यांच्या शेवटी खोट्या गोळीपेक्षा फ्लुओक्सेटिनवाल्यांना स्पष्ट जास्त आराम होता. आणि आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. तिथे गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चारवरून सत्तावीसवर गेलं. म्हणजे गोळी आणि माणूस दोन्ही लागतात.

आणि लांबच्या वेळापत्रकाची आपल्या दोन जिल्ह्यांना काय नवलाई? कुष्ठरोगाची सहा किंवा बारा महिन्यांची पाकिटं आपण पाहिली आहेत, महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर आणि बाकीचे घरी. क्षयाच्या गोळ्या आधी दिवसाआड होत्या, २०१७ पासून रोजच्या झाल्या. खोकला थांबला म्हणून क्षयाची गोळी सोडू नको, असं गावातली आशाताई दटावून सांगते आणि लोक ऐकतात. मग मन हलकं झालं म्हणून ही गोळी सोड, असं तेच लोक का सांगतात?

आता मुद्द्याचं. नातेवाईक मंडळी, हे विशेष करून तुमच्यासाठी आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे. बहीण दोन-तीन लग्नांना येणार आहे आणि छान दिसणार आहे. संक्रांतीला भेटली तेव्हा चौघांनी तिला वेगवेगळं गाठून एकच सांगितलं: "आता तर बरी झाली, कायले खाते त्या गोळ्या? सवय लागते." तुमच्या मनात माया आहे, मला ठाऊक आहे. पण हा हिशेब पाहा. २००३ साली ३१ अभ्यासांतल्या चार हजारांहून जास्त रुग्णांची गोळाबेरीज झाली. बरे झाल्यावर ज्यांची खरी गोळी बदलून खोटी दिली त्यांच्यापैकी शंभरात ४१ पुन्हा आजारी पडले, आणि ज्यांनी खरी चालू ठेवली त्यांच्यापैकी १८. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात सांगितलं होतं, की लक्षणं गेल्यावरही नऊ ते बारा महिने औषध चालू ठेवावं आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावं. दारूची किंवा खर्र्याची जशी तलफ येते तशी तलफ या गोळीची येत नाही. एकदम सोडली तर शरीर कुरकुर करतं, आणि हळूहळू उतरवायची ती त्याचसाठी.

तिचं बरं होणं मंडईच्या दिवसांतलं. तिथून मोजा. पुढची दिवाळी तरी यायला हवी. तोवर ती गोळी घेणार, आणि त्यापुढे काय ते डॉक्टर ठरवणार. लग्नात मुक्कामाला ढोरं नसतील, तेव्हा सकाळी चहाच्या वेळी तिला कुणीतरी पेलाभर पाणी द्यावं, एवढीच विनंती. काही विचारू नये, काही सुचवू नये.

आणि तुमच्याही घरी कुणी असं विझत चाललं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं, रात्रीही. डॉक्टरांकडे गेलात तर "किती गोळ्या" याच्याआधी "आमचा दिवस असा असतो" हे सांगा. ते नाही विचारणार, त्यांच्या बाहेर रांग आहे. आपण सांगायचं.

परवा नातवाचा फोन होता. यंदाचं कॅलेंडर भिंतीवर लावलं आहे, फुल्या मारणं चालू आहे, पण लाल पेन संपला म्हणे. पेनांचं एक पाकीट घेऊन ठेवलंय, येत्या रविवारी घेऊन जाईन.